सही झाली म्हणजे देश बांधला गेला का? आंतरराष्ट्रीय करारांत देश कसे सामील होतात

अनुच्छेद (धागाकर्ता)

आंतरराष्ट्रीय करारांच्या बातम्यांत एक गफलत इतकी सर्रास होते की तिच्यावर स्वतंत्र धागा असावा असे वाटले. भारताने अमुक करारावर सही केली असे छापून येते, आणि त्यापुढची सगळी चर्चा त्या दिवसापासून भारत त्या कराराने बांधला गेला असे धरून चालते. प्रत्यक्षात सही करूनही देश बंधनाबाहेर राहू शकतो, आणि सही कधीच न करताही पूर्णपणे बांधला जाऊ शकतो. दोन्ही प्रकारची उदाहरणे आपल्याच देशाची आहेत.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. जबाब मिळवण्यासाठी कोठडीत दिल्या जाणाऱ्या यातनांना स्वतंत्र गुन्हा ठरवणे हे या कराराचे एक मुख्य बंधन आहे. सहीनंतरचे अनुसमर्थन, म्हणजे करार आपल्याला बंधनकारक असल्याची देशाची अंतिम मान्यता, मात्र झालेले नाही. त्यासाठी लागणारे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि पुढे ते व्यपगत झाले, म्हणजे संमत न होताच संपुष्टात आले. विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २७३व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली, तरी स्थिती तीच राहिली. याउलट नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने कधीच सही केलेली नाही. १० एप्रिल १९७९ रोजी भारत त्यात थेट सामील झाला आणि तेव्हापासून त्याने बांधलेला आहे. बालहक्कांच्या करारातही भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी याच वाटेने आला.

बहुपक्षीय कराराचा नेहमीचा प्रवास असा असतो. वाटाघाटींनंतर मसुदा स्वीकारला जातो आणि ठरावीक मुदतीसाठी तो सहीसाठी खुला राहतो. सही करणाऱ्या प्रतिनिधीकडे सरकारचे अधिकारपत्र असावे लागते. राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री यांना मात्र ते लागत नाही, कारण त्यांच्या पदातच तो अधिकार मानलेला आहे. त्यानंतर देश आपल्या घरच्या पद्धतीप्रमाणे विचार करतो, कायद्यात बदल लागतील का ते पाहतो आणि तयारी झाली की अनुसमर्थनाचा लेख तयार करतो. भारतात मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर हा लेख राष्ट्रपतींच्या सहीने निघतो. तो करारात नेमलेल्या अभिरक्षकाकडे (असे लेख स्वीकारून सांभाळणाऱ्याकडे), म्हणजे बहुतेक वेळा न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे, जमा झाला की देशाची संमती पक्की होते. सहीची मुदत संपून गेलेली असेल, किंवा देशाला सहीची पायरी नकोच असेल, तर सामील होण्याचा लेख थेट जमा करता येतो, आणि त्याचे बळ अनुसमर्थनाइतकेच असते.

तेवढ्यानेही बंधन लगेच सुरू होईलच असे नाही, कारण करार स्वतः अमलात आलेला असावा लागतो. नागरी व राजकीय हक्कांचा करार डिसेंबर १९६६ मध्ये स्वीकारला गेला, पण ३५ देशांचे लेख जमा होण्याची अट पुरी होऊन तो अमलात यायला २३ मार्च १९७६ उजाडले. हवामानविषयक पॅरिस कराराला किमान ५५ देश, आणि त्यांच्याकडे जगाच्या उत्सर्जनाचा किमान ५५ टक्के वाटा, अशी दुहेरी अट होती. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधी जयंतीला, आपला लेख जमा केला. ५ ऑक्टोबरला अट पुरी झाली आणि ३० दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, करार लागू झाला.

हे सारे नियम १९६९ च्या व्हिएन्ना करारात एकत्र मांडलेले आहेत. भारत या व्हिएन्ना कराराचाच पक्षकार, म्हणजे त्याने बांधलेला देश, नाही, तरी त्यातले बरेचसे नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायदा, म्हणजे देशांच्या नित्य आचरणातून बनलेला कायदा, म्हणून सर्वांना लागू मानले जातात, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या राम जेठमलानी प्रकरणात करारांचा अर्थ लावण्याच्या नियमाबाबत तशीच भूमिका घेतली आहे.

मला हा भेद महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर नागरिकाने सरकारकडे काय मागावे हे ठरते. नुसती सही झालेली असेल तर अनुसमर्थन मागावे लागते. अनुसमर्थन झालेले असेल तर दिलेल्या शब्दाचा हिशेब मागता येतो. करार कोणत्या पायरीवर आहे हेच माहीत नसेल, तर मागणी चुकीच्या दारात जाते.

गोदातीर

लेख आवडला. एक शंका आहे. अनुसमर्थनापर्यंत काहीच बंधन नसेल, तर सहीला अर्थ तरी काय उरतो? एवढा समारंभ करून, छायाचित्रे काढून सही करणारा देश दुसऱ्या दिवशी कराराच्या नेमके उलटे वागला, तर त्याला कोणी विचारू शकत नाही का?

अनुच्छेद

गोदातीर, विचारू शकतात, मर्यादित अर्थाने. अनुसमर्थनाच्या अटीवर सही केलेल्या देशाने, आपण पक्षकार होणार नाही असे स्पष्ट करेपर्यंत, कराराचा मूळ हेतूच निष्फळ ठरेल असे वर्तन करू नये, असा नियम व्हिएन्ना कराराच्या १८व्या अनुच्छेदात आहे. करारातले प्रत्येक कलम पाळण्याचे बंधन त्यातून येत नाही, पण ज्यासाठी करार केला ते मुळातून उखडता येत नाही.

या नियमाला देश किती गांभीर्याने घेतात ते अमेरिकेच्या वागण्यातून दिसते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या रोम कायद्यावर अमेरिकेने ३१ डिसेंबर २००० रोजी, म्हणजे सहीच्या अखेरच्या दिवशी, सही केली होती. सरकार बदलल्यावर ६ मे २००२ रोजी त्या देशाने महासचिवांना पत्र लिहून कळवले की पक्षकार होण्याचा आपला इरादा नाही आणि म्हणून सहीतून निघणारे कोणतेही कायदेशीर बंधन आपल्यावर नाही. सही अगदीच निरर्थक असती तर असे पत्र लिहिण्याची गरज पडली नसती. भारताने त्या कायद्यावर सहीही केलेली नाही, त्यामुळे आपल्याबाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही.

काही करार मात्र सहीनेच बांधतात. तसे कराराच्या मजकुरात लिहिलेले असते, आणि दोन देशांमधल्या रोजच्या कारभाराच्या करारांत ही पद्धत सामान्य आहे. मोठ्या राजकीय करारांत अनुसमर्थनाची अट बहुधा ठेवतात. सिमला करारावर २ जुलै १९७२ रोजी सह्या झाल्या, पण तो अमलात आला ४ ऑगस्टला, दोन्ही देशांच्या अनुसमर्थनानंतर. सिंधू जलवाटप करारावर १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सह्या झाल्या. अनुसमर्थनाचे लेख त्यानंतर दिल्लीत दिले-घेतले गेले, आणि करार अमलात आल्यावर त्याचा परिणाम मागे जाऊन १ एप्रिल १९६० पासून धरला गेला. म्हणून कोणत्याही कराराचे शेवटचे अनुच्छेद आधी वाचावेत असे मला वाटते. बंधन कधी सुरू होते आणि कसे संपते ते तिथेच लिहिलेले असते.

सरळरेघ

सही आणि अनुसमर्थन यांच्यामधल्या काळात माणसांचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या पूर्व सीमेवर घडले आहे. ते इथे सविस्तर मांडतो, कारण महाराष्ट्रात त्याची पुरेशी चर्चा झाली नाही.

कूचबिहार आणि रंगपूर यांच्या जुन्या जमीनदारीच्या गुंतागुंतीतून फाळणीनंतर विचित्र स्थिती उरली. भारताच्या मालकीचे भूभाग पूर्व पाकिस्तानने वेढलेले, आणि त्यांच्या मालकीचे आपल्या हद्दीत. बंगालीत त्यांना छिटमहल म्हणतात. नेहरू आणि फिरोजखान नून यांच्यात सप्टेंबर १९५८ मध्ये करार झाला. त्यात या भूभागांची अदलाबदल आणि जलपायगुडी जिल्ह्यातील बेरूबारीची विभागणी ठरली. भारताचा प्रदेश परक्या देशाला देण्याचा अधिकार सरकारला आहे का, हा प्रश्न राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. १९६० मध्ये न्यायालयाने मत दिले की प्रदेश देणारा करार अमलात आणायचा तर घटनादुरुस्ती करावी लागेल. त्याप्रमाणे नववी घटनादुरुस्ती झाली, पण प्रत्यक्ष हस्तांतर झालेच नाही, आणि १९७१ मध्ये समोरचा देशच बदलला.

मग १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी नवा भूसीमा करार केला. तो अनुसमर्थनाच्या अटीवर होता. बांगलादेशाने त्याच वर्षी आपली घटना दुरुस्त करून अनुसमर्थन केले. भारताने केले नाही. सरकारे आली आणि गेली, २०११ मध्ये ढाक्यात पुरवणी करारावर सह्या झाल्या, २०१३ मध्ये विधेयक राज्यसभेत मांडले गेले, आणि अखेर मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती संमत झाली. ६ जून २०१५ रोजी ढाक्यात अनुसमर्थनाचे लेख दिले-घेतले गेले आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली. बांगलादेशाने वेढलेले भारताचे १११ आणि भारताने वेढलेले बांगलादेशाचे ५१ भूभाग त्या रात्री आपापल्या सभोवतालच्या देशात विलीन झाले.

१९७४ ते २०१५ ही ४१ वर्षे होतात. या भूभागांत राहणाऱ्या पन्नास हजारांवर माणसांना या काळात शाळा, दवाखाना, वीज, पोलीस ठाणे, मतदान यांपैकी जवळजवळ काहीच हक्काने मिळत नव्हते. कायद्याने ती ज्या देशाची होती तिथे जाण्यासाठी परक्या देशाची जमीन ओलांडावी लागे, आणि ज्या देशाने वेढलेली होती तिथे ती परकी होती. दोन पंतप्रधानांच्या सह्या असलेला करार तयार होता, समोरच्या देशाने आपला भाग पुरा केला होता, आणि आपल्या बाजूचा एक लेख न निघाल्याने दोन पिढ्या तशाच गेल्या. बेरूबारीच्या मताने घातलेली अट योग्यच होती, कारण देशाची जमीन केवळ मंत्रिमंडळाच्या ठरावाने जाऊ नये. पण त्या अटीमुळे चार दशकांचा उशीर अपरिहार्य होता, असे म्हणणे मला पटत नाही. शंभराव्या दुरुस्तीवर दोन्ही सभागृहांत विरोधी मतच पडले नाही, यावरून ते काम आधीही होण्यासारखे होते.

मांडवीतीर

कोणी कशाने बांधला गेला, हा वाद मराठ्यांच्या एका तहावरही झाला होता, आणि तोही हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. या धाग्यावर त्याचा उल्लेख व्हायलाच हवा.

दादरा आणि नगर हवेली १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्त झाले. त्यात महाराष्ट्रातले स्वयंसेवक पुढे होते. दमणहून तिथे जाण्याची वाट भारताने बंद केल्याची तक्रार घेऊन पोर्तुगाल न्यायालयात गेला. या दाव्याची सुरुवातच या विषयाशी संबंधित आहे. न्यायालयाचा अधिकार मान्य करणारे निवेदन पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी महासचिवांकडे जमा केले आणि २२ डिसेंबरला दावा दाखल केला. आपल्यापर्यंत त्या निवेदनाची प्रत पोहोचण्याआधीच दावा आला, हा भारताचा आक्षेप होता. न्यायालयाने १९५७ मध्ये तो फेटाळला. निवेदन जमा होताच त्या देशाचा आधी निवेदन दिलेल्या सर्व देशांशी संमतीचा संबंध जुळतो, प्रत पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. भारताने १९७४ मध्ये जे निवेदन दिले त्यात, दाव्यापूर्वी बारा महिन्यांच्या आत न्यायालयाचा अधिकार मान्य करणाऱ्या देशाचे दावे वगळले आहेत. या अनुभवाचा तो धडा असावा असे मला वाटते.

मूळ वादात पोर्तुगालचा आधार होता पेशवाईतला १७ डिसेंबर १७७९ चा तह आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदा. तहाप्रमाणे दमणच्या बाजूची बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून द्यायची होती. भारताचे एक म्हणणे असे होते की हा तह रीतसर पुरा झालाच नाही, त्यामुळे तो मराठ्यांवर बंधनकारक नव्हता. न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात हे मान्य केले नाही. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातला तह पुढे हळूहळू रूढ झालेल्या कार्यपद्धतीच्या फूटपट्टीने मोजता येणार नाही. मराठ्यांनी स्वतः तो तह वैध मानला आणि त्याप्रमाणे अंमलबजावणी केली, एवढे पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले.

त्याच वेळी न्यायालयाने भारताचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा मुद्दा स्वीकारला. तहाने मिळाला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे. मराठ्यांना जिथे प्रदेश कायमचा तोडून द्यायचा असे तिथे तसे स्पष्ट शब्द वापरले जात, आणि इथे ते नव्हते. सरंजाम (नुसत्या महसुलाची नेमणूक) आणि राज्य यांतला फरक मराठी दफ्तर चाळलेल्या कोणालाही ठाऊक असतो. तो हेगमध्ये निर्णायक ठरला याचे मला फार अप्रूप वाटते. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व नंतर ब्रिटिशांच्या मूक मान्यतेतून आले, असे न्यायालयाने धरले. शेवटी खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्यायेण्याचा हक्क १९५४ मध्ये होता, फौज-पोलीस-शस्त्रे यांना नव्हता, आणि भारताने आपले बंधन मोडले नाही, असा निकाल लागला. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला या खंडपीठावर होते.

गोव्यापुरते सांगायचे तर पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार ३१ डिसेंबर १९७४ रोजी केला, आणि तोही अनुसमर्थनानंतर, ३ जून १९७५ रोजी, अमलात आला.

तळ्याकाठी

धागाकर्त्यांनी अनुसमर्थन झाल्यावर शब्दाचा हिशेब मागता येतो असे लिहिले आहे. त्याला एक जोड द्यावी लागेल, कारण देश पूर्ण शब्द देतोच असे नाही. अनुसमर्थन करताना काही कलमांपुरते बंधन नाकारता येते, किंवा आपण त्यांचा कोणता अर्थ घेतो ते जाहीर करता येते, फक्त कराराच्या मूळ हेतूलाच त्याने छेद जाता कामा नये.

स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव दूर करण्याच्या करारावर भारताने १९८० मध्ये सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी अनुसमर्थन केले. सोबत जोडलेल्या निवेदनांत म्हटले आहे की विवाहनोंदणी सक्तीची असावी हे तत्त्व भारताला पूर्ण मान्य आहे, परंतु निरनिराळ्या चालीरीती, धर्म आणि साक्षरतेच्या पातळ्या असलेल्या एवढ्या विशाल देशात ते व्यवहार्य नाही. मला हे निवेदन तेव्हाही दुबळे होते असे वाटते, कारण जुन्या मुंबई राज्याचा विवाहनोंदणीचा कायदा १९५३ पासून अस्तित्वात होता, आणि महाराष्ट्राने १९९८ मध्ये नवा कायदाही केला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात सर्व धर्मांच्या नागरिकांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असे निर्देश दिले. वंशविच्छेदविरोधी करारातही भारताने १९५९ मध्ये अनुसमर्थन करताना अपवाद राखला आहे: वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा तर प्रत्येक वेळी सर्व संबंधितांची संमती लागेल.

तरीही उरलेला शब्द निष्फळ नसतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी देशात कायदाच नव्हता, तेव्हा १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच स्त्रीविषयक कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि संसदेचा कायदा येईपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, देशभरातल्या कार्यालयांत तीच लागू होती. ते अनुसमर्थन झाले नसते तर न्यायालयाच्या हाती हा आधार नसता.

राइनकाठ

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसांना या विषयाचा एक अगदी व्यवहारातला अनुभव येतो, म्हणून लिहितो आहे. करारात सामील होऊनही एखाद्या ठरावीक देशाशी तो लागू न होणे शक्य आहे, हे इथे आल्यावर कागदपत्रांच्या निमित्ताने कळते.

परदेशी कागदपत्रांच्या साक्षांकनाची साखळी कमी करणारा हेगचा १९६१ चा करार सर्वांना अपोस्टिल या नावाने परिचित आहे. महाराष्ट्रातला जन्मदाखला किंवा विवाहदाखला मंत्रालयात साक्षांकित करून घ्यायचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लावून घ्यायचे, की तो इतर सदस्य देशांत चालतो. भारत त्यात २००४ मध्ये सामील झाला आणि १४ जुलै २००५ पासून तो भारताला लागू झाला. पण त्या कराराच्या १२व्या अनुच्छेदात एक तरतूद आहे. नवा देश सामील झाला की जुन्या सदस्यांना सहा महिन्यांत हरकत घेता येते, आणि हरकत घेणाऱ्या देशापुरता करार त्या नव्या देशाशी लागूच होत नाही. भारताच्या प्रवेशावर जर्मनीसह काही युरोपीय देशांनी हरकत घेतली. काहींनी ती नंतर मागे घेतली, जर्मनीने घेतली नाही. त्यामुळे भारतही सदस्य आणि जर्मनीही सदस्य, पण भारतीय दाखल्यावरचे अपोस्टिल जर्मन कार्यालयात कराराच्या बळावर चालत नाही, आणि दाखल्याची पडताळणी वेगळ्या मार्गाने करावी लागते. त्यात लागणारा वेळ आणि खर्च लग्नाच्या किंवा कुटुंबाला बोलावण्याच्या घाईत असलेल्या माणसाला फार जड जातो.

हे हत्यार भारतानेही वापरले आहे. चीन २०२३ मध्ये या करारात सामील झाला तेव्हा भारताने हरकत घेतली, म्हणून त्या दोन देशांत तो लागू नाही. कॅनडाही त्याच वर्षी सामील झाला आणि तिथे ११ जानेवारी २०२४ पासून करार अमलात आला, त्यामुळे तिकडच्या मराठी कुटुंबांचे काम बरेच सोपे झाले असावे. इथल्या लोकांना माझी विनंती आहे की घरून कागदपत्रे आणताना केवळ दोन्ही देश सदस्य आहेत एवढे पाहून थांबू नये. हरकतींचा रकानाही पाहावा.

गोदातीर

या सगळ्यात संसद कुठे आहे, हे मला अजून उमगलेले नाही. सरळरेघ यांनी सांगितलेल्या प्रकरणात घटनादुरुस्ती लागली, पण पॅरिस करारासाठी किंवा जागतिक व्यापार संघटनेसाठी संसदेत मतदान झाल्याचे आठवत नाही.

अनुच्छेद

झालेच नव्हते, कारण ते आवश्यक नाही. आपल्या घटनेत करार करणे आणि ते राबवणे हा विषय केंद्र सूचीतील १४व्या नोंदीत आहे, आणि संसदेने त्यावर करारांची पद्धत ठरवणारा कायदा अद्याप केलेला नाही. त्यामुळे अनुच्छेद ७३ प्रमाणे हा अधिकार सरकारच वापरते. कच्छच्या रणाविषयीच्या लवाद निवाड्यावरून १९६९ मध्ये मगनभाई पटेल प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सीमारेषा स्पष्ट करण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही असे न्यायालयाने ठरवले. नागरिकांच्या हक्कांवर मर्यादा येत असेल किंवा देशाचा कायदा बदलावा लागत असेल, तरच करारासाठी कायदा करावा लागतो, अशी रेघ त्या प्रकरणात आखली गेली.

कायदा करायची वेळ आली की मात्र अनुच्छेद २५३ मुळे संसदेचे हात फार लांब पोहोचतात, कारण कराराच्या अंमलबजावणीसाठी तिला राज्य सूचीतल्या विषयांवरही कायदा करता येतो. इथेच मला खरी अडचण दिसते. शेती हा राज्यांचा विषय आहे. जागतिक व्यापार संघटनेचा करार १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे झाला आणि १ जानेवारी १९९५ पासून भारत सदस्य झाला. त्यात शेतीवरचा स्वतंत्र करार होता. त्याआधीची डंकेल प्रस्तावावरची, म्हणजे या कराराच्या मसुद्यावरची, चर्चा महाराष्ट्रात किती तापली होती ते अनेकांना आठवत असेल. शेतकरी संघटनेचे शरद जोशी खुल्या व्यापाराच्या बाजूने उभे होते आणि डावे पक्ष कडाडून विरोध करत होते. दोन्ही बाजू अभ्यासाने बोलत होत्या. पण बांधून घेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाचा होता, आणि ज्या राज्यांच्या शेतीवर त्याचा परिणाम होणार होता त्यांच्या विधानसभांना त्यात स्थान नव्हते.

इतर देशांत निरनिराळ्या पद्धती आहेत. अमेरिकेत सिनेटच्या दोन तृतीयांश मतांची अट आहे, आणि त्यामुळेच तो देश व्हर्सायच्या तहाबाहेर राहिला. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याप्रमाणे करार अनुसमर्थनापूर्वी संसदेसमोर २१ बैठकांचे दिवस ठेवावा लागतो, आणि कनिष्ठ सभागृह विरोधी ठराव करून तो अडवू शकते. अमेरिकेची अट मला अतिरेकी वाटते, कारण तिथे चांगले करारही वर्षानुवर्षे पडून राहतात. ब्रिटनसारखी, करार निदान मांडला गेलाच पाहिजे अशी अट आपल्याकडे घालायला घटनाही बदलावी लागणार नाही. १४व्या नोंदीखालचा एक साधा कायदा पुरेल.

सरळरेघ

बाहेर पडण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. पॅरिस करारातून तो अमलात आल्यापासून तीन वर्षे बाहेर पडण्याची सूचनाच देता येत नव्हती, आणि सूचनेनंतर आणखी एक वर्ष थांबावे लागते; अमेरिकेने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी सूचना दिली आणि ती बरोबर एका वर्षाने बाहेर पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती पुन्हा आत आली. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात मात्र बाहेर पडण्याची वाटच ठेवलेली नाही. उत्तर कोरियाने १९९७ मध्ये तसा प्रयत्न केला, तेव्हा सर्व पक्षकारांची संमती असल्याशिवाय ते शक्य नाही असे महासचिवांकडून कळवले गेले.

तळ्याकाठी

एखादा करार नेमका कोणत्या पायरीवर आहे ते नेमके कुठे पाहावे? वर्तमानपत्रांवर विसंबता येत नाही हे तर धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात आले आहे.

अनुच्छेद

महासचिवांकडे जमा होणाऱ्या बहुपक्षीय करारांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहाचे संकेतस्थळ सर्वांत विश्वासार्ह आहे. प्रत्येक करारापुढे देशांची यादी असते; एका रकान्यात सहीची तारीख आणि दुसऱ्यात अनुसमर्थनाची. दुसरा रकाना रिकामा असेल तर तो देश पक्षकार नाही, आणि छळविरोधी कराराच्या यादीत भारतापुढे तो रिकामाच आहे. थेट सामील झालेल्या देशाच्या तारखेपुढे ए हे रोमन अक्षर असते. यादीच्या खाली प्रत्येक देशाने राखलेले अपवाद आणि निवेदने पूर्ण मजकुरासह दिलेली असतात. तळ्याकाठी यांनी सांगितलेले विवाहनोंदणीचे निवेदन तिथे शब्दशः वाचता येते. अपोस्टिलसारख्या करारांसाठी हेग परिषदेच्या संकेतस्थळावर तशीच यादी आहे, आणि राइनकाठ यांनी सांगितलेल्या हरकती तिथे दिसतात. भारताच्या द्विपक्षीय करारांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा करारसंग्रह आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०२व्या अनुच्छेदाप्रमाणे सदस्य देशांनी आपले करार संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवावे लागतात, आणि न नोंदवलेला करार त्यांच्या कोणत्याही अंगापुढे, आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढेही, आधार म्हणून मांडता येत नाही. त्यामुळे बरेचसे द्विपक्षीय करारही तिथल्या ग्रंथमालेत सापडतात.